शेजारच्या बाईची खोली

मंगळवार, दुपार

पाणी आणते म्हणून गेलीस ती गेलीसच. विहीर खणायला घेतली होतीस का? रविवारी तुमच्या वसतिगृहाच्या व्हरांड्यात बसून माझा घसा सुकला, आणि तू उगवलीस ती भेटीची वेळ संपल्याची घंटा झाल्यावर, अर्धा पेला घेऊन.

असो. चि. खारूस आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. तुझ्या आईचा खोकला गेला, तुझा बाप, म्हणजे माझा लेक, ट्रकवर आहे. हे पत्र तुमच्याकडे दूध घालणाऱ्याच्या हाती देतेय. अक्षर लागलं नाही तर उजेडात धर, पण मोठ्याने वाचू नकोस.

आता बातमी. मला नोकरी लागली. लागल्यात जमा आहे.

झालं असं, की तू गेलीस आणि एक बारकी पोरगी डोक्याचं घरटं करून भिंतीशी मुसमुसताना दिसली. पिशवीत कंगवा होता, तुझ्यासाठीच आणलेला. म्हटलं, इकडे ये, रडायचं तर रड पण मान सरळ ठेव. तिची वेणी झाली तर दुसरी आली, मग तिसरी, बघता बघता रांग लागली. एक म्हणते, "आजी, माझी घट्ट घाला, उद्या शाळेपर्यंत टिकली पाहिजे." मला 'आजी' म्हणाली बरं का, परकी पोर.

तुमच्या रेक्टरबाई केव्हाच्या दारात उभ्या होत्या कोण जाणे. म्हणाल्या, "लहान मुलींचं बघणारी आमची बाई सोडून गेली. तुम्ही याल का? इथंच राहायचं." मी म्हटलं, चेष्टेला मीच सापडले का? तर त्या सरळ खोली दाखवायला घेऊन गेल्या.

अगं, काय खोली आहे! खाट आहे, खिडकी आहे, कपड्यांना खुंट्या आहेत आणि दाराला आतून कडी. लग्न झाल्यापासून आतून कडी लावून मी एकटी कधी बसलेली नाही. जेवण दुसरं कुणी रांधणार, मी नुसतं ताट पुढे करायचं आणि मीठ कमी पडलं तर नाक मुरडायचं. जन्मभर दुसऱ्यांची मुरडलेली नाकं बघितली, आता माझी पाळी.

मग त्यांनी विचारलं, "इथं तुमच्या नात्यातलं कुणी नाही ना? मुलींच्या घरच्या बायांना आम्ही ठेवत नाही. आपल्या पोरीच्या ताटात जास्त पडतं आणि बाकीच्या रुसतात."

मी म्हटलं, शेजारच्या पोरीला भेटायला आलेय.

शब्द आयताच जिभेवर होता. थोड्या वेळापूर्वी जिन्यावरून तुझा आवाज आला होता. तुझ्या चष्मेवाल्या मैत्रिणीने विचारलं, "कोण गं त्या?" आणि तू म्हणालीस, "शेजारच्या आहेत. आईला वेळ नव्हता." माझ्या पायात तुझ्या बापाच्या चपला होत्या, कबूल. बस सुटत होती, हाताला लागल्या त्या घातल्या. मी रागावलेली नाही. रागावले असते तर पेला तिथंच आपटला असता. पाणी प्यायले ना.

आता गंमत बघ. तुझ्या त्या एका वाक्यावर मला खोली मिळतेय. खरं सांगितलं की गेली. कालपासून मी पिशवी भरतेय, रिकामी करतेय, परत भरतेय. तुझी आई विचारते, "सासूबाई, एवढं काय आवरताय?" सांगितलं, झुरळं झालीत.

तिथं मोठ्या पोरी कामाच्या बायांना मावशी म्हणतात, ऐकलं मी. तूही म्हणशील. जेवणाच्या रांगेत मी तुझ्याकडे बघणार नाही. तुला ताप आला तर शेजारणीला शोभेल एवढंच विचारेन. जमेल मला. पण संध्याकाळी कडी लावून बसले आणि तू दारावर थाप मारलीस, तर हाक काय मारशील? तिथं माझं घोडं अडलंय.

रेक्टरबाईंनी शनिवारपर्यंत कळवा म्हटलंय. मी म्हटलं, शेजारची पोरगी येऊन सांगेल. तर तू जा. मी शेजारची असेन तर सांग, सोमवारी येतेय. दुसरी कुणी असेन तर तेही सांग, मी पिशवी उलटी करते आणि पुढच्या भेटीला येते, त्याच चपला घालून. खोली मला फार हवी आहे, उगाच लपवत नाही. तरी तुझं तू ठरव.

तुझी

(पुढे जागा सोडलीय. कोण, ते तू भर.)

ता.क. उत्तर चष्मेवालीने द्यायचं नाही, आईला विचारून द्यायचं नाही, आणि मला तर पाठवायचंच नाही, मला रेक्टरबाई कळवतील. रेक्टरबाईंसमोर उभी राहा आणि तुझ्या तोंडाने दे.