झेनोनच्या बसची काच

लिपिना, १२ जानेवारी

प्रिय दानुता,

तुझं पार्सल पोचलं. लोकरी मोजे मला अगदी बरोबर झाले. ते तपकिरी चीज मला आवडत नाही हे तुला इतक्या वर्षांत कळलेलं नाही, पण तुझा भाऊ ते चमच्याने खरवडून खातो, त्यामुळे फुकट जाणार नाही.

आम्ही दोघं बरे आहोत. नाताळापासून थंडी हटायला तयार नाही. अंगणातला पंप गोठलाय आणि कोंबड्यांनी अंडी द्यायचं सोडून दिलंय. फादर परवा घरभेटीला येऊन गेले. मी कार्ताचे केले होते, बटाट्याचे, आत मांसाचं सारण भरून. त्यांनी पोटभर खाल्ले, आशीर्वाद म्हणून दारावर खडूने वर्ष लिहिलं आणि जाताना म्हणाले, "मिरोस्लावाबाई, सारणात मार्जोरमचा पाला जरा जास्त झाला." पुढच्या वर्षी नुसता चहा देणार आहे.

हे सगळं फोनवरही सांगितलं असतं. पण तुझा फोन आला की झेनोन शेजारीच उभा असतो आणि दोन वाक्यं झाली की "दे इकडे" म्हणतो. मग तुम्ही बहीणभाऊ बोलत बसता आणि मी भांडी घासते. मला जे विचारायचंय ते त्याच्यासमोर नको होतं. घाबरू नकोस, एका यंत्राबद्दल आहे.

तू तिकडे उत्तरेला म्हाताऱ्या माणसांना गाडीने दवाखान्यात नेतेस-आणतेस, तेव्हा तुला माहीत असणार. गाडीच्या समोरच्या काचेवर वायपरचं पाणी मारतात ना, ते गरम करून मारायचं यंत्र मिळतं. इंजिनाच्या गरम नळीशेजारून ते पाणी फिरवतात म्हणे. हिवाळ्यात त्याचा खरंच काही उपयोग होतो का, की नुसतं थोतांड आहे?

झेनोनने त्याचा ध्यास घेतलाय. शाळेच्या मुलांना आपल्या मिनीबसमधून ने-आण करतो त्याला किती वर्षं झाली, तुला ठाऊक आहे. याहून कडक हिवाळे त्याने काढले. काचेबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. या वर्षी पहिलं दंव पडल्यापासून एकच रड, काच स्वच्छ होत नाही. आधी म्हणाला पाणी हलकं आहे, काचेवर पडल्यापडल्या गोठतं. मग स्पिरिटवालं महागडं आणलं. त्याच्या वासाने बसमधली मुलं नाक धरून बसतात. मग वायपरची पाती बदलली. मग एका रविवारी मला आतून व्हिनेगरने काच पुसायला लावली. शेवटी हे यंत्र आलं. ते काही एका दिवसात बसत नाही म्हणे. आज भाग आला नाही, उद्या नळी गळते, परवा पुन्हा दाखवायला बोलावलंय. त्यासाठी मंगळवारी, सकाळची फेरी झाली की तो ऑगुस्तुवला जातो. दाढी करून जातो.

ते दुकान इलोना नावाच्या बाईचं आहे. नवऱ्यापासून वेगळी राहते. मी तिला एकदाच पाहिलंय, उंच आहे.

मला एवढंच कळायला हवंय की यंत्र बसवायला इतके मंगळवार लागतात का. तुझ्या गाडीत असेल तर सांग. झेनोनला मात्र मी विचारलं म्हणून सांगू नकोस.

तुझी वहिनी आणि त्याआधीपासूनची मैत्रीण,
मिरका


लिपिना, ३० जानेवारी

प्रिय दानुता,

उत्तराबद्दल आभार. तुझं सगळं नीट समजलं. गरम पाणी बर्फ खरवडायचं वाचवतं आणि रस्त्यावरचा मिठाचा चिखल चटकन काढतं, पण काच आधी आतून तापलेली नसेल तर तेच पाणी क्षणात गोठून बसतं. काचेला बारीक तडा असला तर तो वाढू शकतो. चांगलं पाणी आणि नवी पाती असली की बरंचसं काम भागतं, यंत्र म्हणजे वरची चैन. बरोबर ना?

पण शेवटी तू लिहिलंयस, "झेनेकला हौस आहे तर करू दे, त्याच्या मागे लागू नकोस." दानुता, तू आजवर मला कधी कुणाच्या मागे लागू नकोस म्हटलेलं नाहीस. माझ्या लग्नात तूच म्हणाली होतीस, "माझ्या भावावर नजर ठेव." ते वाक्य मी दोनतीनदा वाचलं. असो.

मी ऑगुस्तुवला जाऊन आले. प्रवासी बसने, गुरुवारी. झेनोनला सांगितलं की लोकर आणायला चाललेय. इलोनाच्या दुकानात गेले आणि मिनीबससाठी वायपरची पाती मागितली. ती खरंच उंच आहे, पण हात ग्रीसने काळे आणि नाक सर्दीने लाल. मी नाव सांगितल्यावर हसली.

"झेनोनची बायको का तुम्ही? काय म्हणतंय गरम पाणी?"

"तुम्हीच सांगा," मी म्हटलं. "दर मंगळवारी तुमच्याकडेच तर असतो."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "बाई, ते नोव्हेंबरात बसवलं. जेवणाच्या सुट्टीआधी काम सुरू केलं आणि चहाच्या वेळी गाडी बाहेर काढली. त्यानंतर तुमचा नवरा इकडे फिरकलेला नाही. का, काही बिघडलंय?"

मी म्हटलं, काही बिघडलेलं नाही. नको असलेली पाती घेऊन बाहेर पडले. स्टँडवर थंडीपेक्षा लाजच जास्त बोचत होती. ती खोटं बोलत असेल असं तुला वाटतं का? मलाही वाटलं होतं. मी तिचा चेहरा पुन्हा पुन्हा आठवून पाहिला. ती खोटं बोलत नव्हती.

घरी आले तेव्हा तो गोठ्यात होता. मी बसमध्ये बसले, इंजिन चालू केलं, ते तापू दिलं आणि पाणी मारलं. काचेवरून वाफ निघाली. वायपर दोनदा फिरले आणि काच अशी लखलखीत झाली की पलीकडच्या टेकडीवरच्या क्रूसावर बसलेला कावळा मला दिसला. यंत्र चालतंय, दानुता. अगदी झकास चालतंय.

आता रविवारचं ऐक. चर्चला जाताना तो सारखं पाणी मारत होता. ऊन पडलं होतं. माझ्या बाजूने काच साफ होती, त्याच्याही बाजूने. तरी म्हणाला, "बघ, अजून पांढुरकं राहतंच. मधोमध."

"कुठे आहे? काच स्वच्छ आहे," मी म्हटलं.

"तुला काय कळतंय? तू कुठे गाडी चालवतेस?"

"मला लायसन आहे."

"लायसन ड्रॉवरमध्ये आहे तुझं."

वाटेत काझिमिएराने हात केला. त्याने बघितलं नाही. मी म्हटलं, शेजारीण आहे, मान तरी हलव. तर म्हणाला, कोण काझिमिएरा. चर्चच्या आवारात मी त्याला सरळ विचारलं, मंगळवारी कुठे जातोस. "इलोनाकडे, सांगितलंय ना," म्हणाला. आणि हे सांगताना माझ्या डोळ्यांत बघितलं नाही. हल्ली कधीच बघत नाही. बोलतो तेव्हा माझ्या कानाशेजारी कुणी उभं असल्यासारखा तिकडे बघून बोलतो. माणूस असं कधी करतो हे मला कुणी शिकवायला नकोय.

म्हणजे इलोना नाही, दुसरी कुणीतरी. मी त्याचे खिसे बघितले, खोटं कशाला बोलू. एक रुमाल मिळाला. त्यावर औषधासारखा पिवळट डाग होता. म्हणजे कुणी नर्स असेल.

तुला काही माहीत असेल तर आताच सांग. तुझा भाऊ आहे हे मला कळतं. पण शाळेत एका बाकावर आपण दोघी बसत होतो, तो नव्हता.

मिरका


लिपिना, १९ फेब्रुवारी

दानुता,

परवा फोनवर तू ओरडलीस आणि मी ठेवून दिला. तू आतापर्यंत फक्त झेनोनची बाजू ऐकली आहेस. काय झालं ते आता मी सांगते.

मागच्या मंगळवारी मुलांना शाळेत सोडून तो कपडे बदलायला घरी आला, तेव्हा मी कोट घालून बसमध्ये आधीच बसले होते. म्हणाला, उतर. मी म्हटलं, मलाही ऑगुस्तुवला काम आहे. बराच वेळ तो दार धरून उभा राहिला. मग बसला. तो खूप हळू चालवत होता आणि मला वाटत होतं की मुद्दाम वेळ काढतोय.

जंगलात ऊन झाडांमधून तिरपं येत होतं. त्याने पाणी मारलं, पुन्हा मारलं. काच आरशासारखी होती. पुढे रस्त्याच्या कडेने एक बाई लाकडांची घसरगाडी ओढत चालली होती. डोक्याला लाल रुमाल, मागे मोळी. मला ती केव्हाची दिसत होती. मी वाट बघत होते की आता हा बाजूला घेईल. त्याने घेतलं नाही. बस सरळ तिच्यावर चालली होती आणि तो काचेच्या मधोमध बघत होता, आणि पाणी मारत होता.

मी स्टिअरिंग ओढलं. बस आडवी फिरली आणि बर्फाच्या ढिगात घुसली. बाईला काही झालं नाही. तिने आम्हाला यथेच्छ शिव्या दिल्या आणि लाकडं ओढत निघून गेली.

झेनोनने विचारलं, "कोण होतं?"

तेव्हा मला कळलं. सगळं एकदम नाही, पण कळलं. मी त्याच्यासमोर हात धरला आणि विचारलं, बोटं किती. तो चिडला. मग मान तिरकी करून, माझ्या कानाकडे बघत त्याने बोटं बरोबर सांगितली. सरळ बघून त्याला सांगता येत नाहीत. मधोमध पांढरं दिसतं, कडेचं तेवढं दिसतं. सासरे शेवटी शेवटी असेच माणसाच्या खांद्याकडे बघून बोलायचे. मला ते शिष्ट वाटायचे.

मग तो बोलला. ऑगुस्तुवला मंगळवारी डोळ्यांची एक डॉक्टर येते. ती त्याच्या डोळ्यांत औषधाच्या सुया टोचते. सुरुवातीला त्याला खरंच वाटलं होतं की काचच खराब आहे, म्हणून पाणी आणि पाती आणि यंत्र. यंत्र बसवल्यावरही पांढुरकं गेलं नाही तेव्हा तो डॉक्टरकडे गेला. तिने पहिल्याच दिवशी गाडी बंद करायला सांगितली.

"आणि तू चालवत राहिलास? मुलांना घेऊन?"

"रस्ता मला पाठ आहे, मिरका."

"ती लाकडंवाली बाईही पाठ होती?"

तो म्हणाला, "जूनपर्यंत. शाळा सुटेपर्यंत फक्त. मग पेन्शन आहे, कुणाला काही कळायला नको. दानुतालाही हेच बरं वाटतं."

दानुतालाही.

एका ट्रॅक्टरवाल्याने आम्हाला बाहेर ओढून काढलं. मी म्हटलं, सरक. तो सरकला. घरापर्यंत बस मी आणली, दुसऱ्या गिअरमध्ये, आणि गरम पाणी मीही मारलं, कारण डोळे भरून येत होते आणि मला वाटत होतं काचच ओली आहे. घरी आल्यावर त्याने दुपारच्या फेरीसाठी चावी मागितली. इतकं झाल्यावरही मागितली. हात पुढे करून, माझ्या कानाकडे बघत. मी चावी पर्समध्ये टाकली आणि त्याला म्हटलं, "शाळेत तू माझ्याबरोबर येतोस की मी एकटी जाऊ?"

तो आला. हेडबाईंच्या खोलीत मीच बोलले. हेडबाईंनी त्याला विचारलं, "खरं आहे का, झेनोन?" तो टोपी हातात घेऊन म्हणाला, "ती सांगतेय तसंच आहे." मग हेडबाईंनी एकेका मुलाच्या घरी फोन लावायला घेतला. आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो आणि दारातून ऐकत होतो.

तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. जेवायला बसतो, थँक्यूही म्हणत नाही. काझिमिएराची नात त्याच्या मागच्याच सीटवर बसायची. काझिमिएरा दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अख्खा हिवाळा, झेनोन?" आणि गेली. तिचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. काल मी त्याला डॉक्टरकडे घेऊन गेले. जाताना येताना तो गप्प होता, फक्त उतारावर म्हणाला, "ब्रेक मारू नकोस, गिअर खाली घे." सध्या त्यावर माझं चाललंय.

तू फोनवर म्हणालीस, मी त्याला गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाही. खरं आहे. सगळा हिवाळा मी त्याच्यामागे एक बाई शोधत होते. ती सापडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त माझंच नुकसान केलं असतं.

पण हे पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही. काल दवाखान्यात बसले असताना मी त्याला विचारलं, या डॉक्टरणीचं नाव तुला कुणी दिलं. माझ्याशी बोलत नाही, तरी एवढं सांगितलं. तू दिलंस. गेल्या उन्हाळ्यात तू आली होतीस तेव्हा त्यानेच तुला तिच्या दारात सोडलं होतं. मला तू सांगितलं होतंस की दात दाखवायला चालले आहेस.

तुझा बाप, तुझा भाऊ, आणि तू. मी कालपासून दुसरा विचार करत नाहीये. कदाचित तुला काही नसेल, नुसतं तपासून घेतलं असशील. तसं असेल तर मी तुझी माफी मागेन. पण मग त्याला जूनपर्यंत गप्प राहायला तूच का सांगितलंस? आणि मला त्याच्या मागे लागू नकोस का म्हणालीस? ज्याला स्वतःला काही लपवायचं नसतं, तो असं सांगतो का?

फोन करू नकोस. फोनवर तू रडशील आणि मी तुझ्यावर विश्वास ठेवीन. लिहून कळव. डॉक्टर तुला काय म्हणाली, आणि तिकडे बर्फात, म्हाताऱ्या माणसांना मागे बसवून, तू अजून गाडी चालवतेस का.

तुझ्या कामाच्या ठिकाणचा पत्ता माझ्याकडे आहे. मला तिकडे लिहायची वेळ आणू नकोस.

वाट पाहणारी,
मिरोस्लावा