कडब्याची गंजी

१० जाने. १९५४, हुमनाबाद
तंबू उभा राहिला. सिनेमा मद्रासकडचा, तमिळ. इथं ती बोली कुणाला येत नाही, म्हणून खेळ चालू असताना भोंग्यावर गोष्ट मी सांगायची. मालक म्हणाले, "चार बुकं शिकलायस, शुद्ध बोलतोस."
मशीनवाल्या रहीमचाचांनी सिनेमा मला एकट्याला आधी दाखवला. आईविना पोर. बापाचं लक्ष नाही. पोर खोटं खोकतं, तापाचं सोंग करतं, शेवटी कापसाच्या गोदामात लपतं. बाप शोधत येतो.
जेवण गेलं नाही.

११ जाने.
फजिती. गोदाम आलं आणि मी भोंग्यात बोललो, "पोरगं कडब्याच्या गंजीत लपलंय." सगळा तंबू हसला. बायकांतून एक म्हणाली, "अण्णा, डोळे हाईत न्हवं? कापूस हाय त्यो!" मालकांची बोलणी.
गंजी आमच्या गावची, खटकचिंचोळीची. आई गेली त्या वर्षाची. बाप, म्हणजे अप्पा, मेंढरांमागं रानोमाळ. परतला की मेंढरं मोजायचा, मग चिलीम. एकदा मुद्दाम गंजीत शिरलो. कडब्याचा गोडसर वास, ऊब. झोप लागली. जाग आली तर अंधारलेलं. कुणी हाक मारली नाही. आपणच निघालो, भाकरी खाल्ली. तो वास मात्र अजून...

१३ जाने.
गावचा माणूस बाजारात भेटला. अप्पाला निरोप धाडला, शेवटच्या खेळाला ये. त्याला ती गंजी आठवते का, एवढं कळलं तरी पुरे. पण येईल का? मेंढरं कुणावर टाकील?

१४ जाने.
रहीमचाचा, "क्या रे, आज बी कडबा डालता क्या?" नाही म्हटलं. 'कापसाचं गोदाम' असं कागदावर लिहून समोर लावलंय.

१७ जाने.
अप्पा आला! खांद्यावर घोंगडी. काठी दारात ठेवीना, तशीच घेऊन पुढं जमिनीवर बसला. गोदाम आलं. कागद समोर होता. तरी म्हणालो, "पोरगं गंजीत लपलंय. बापाला ठावं न्हाई."
लोक हसले. अप्पा हसला नाही. तंबूतच झोपला.

१८ जाने.
सकाळी मोटारीच्या थांब्यावर अप्पाला चहा पाजला. बशीकडं बघत म्हणाला, "तुझा पाय दिसायलता भाईर."
"कवा?"
"गंजीतून. मी कडंलाच बसलोतो. चिलीम हातात तशीच. कडबा पेटंल म्हणून वढली न्हाई. तू कवा निघतूस बघायलोतो."
"मग हाक कामून मारली न्हाईस?"
चहा फुंकत राहिला. मोटार लागली. चढला.

दुपारी तंबू उतरवला. पुढचा मुक्काम भालकी. तिथून गाव जवळ. जावं म्हणतो. गेलो तर पुन्हा विचारावं की नुसतं शेजारी बसावं, ठरत नाही.
तंबाखूची पुडी मात्र घेऊन ठेवलीय.