दोन हजार दोनचं पाकीट

७ फेब्रुवारी २००४, शनिवार. औरंगाबाद

आलो एकदाचा या दरवर्षीच्या सक्तीच्या प्रशिक्षणाला. यंदा हजेरीच्या कागदावर फोटो चिकटवलाय, म्हणून गोपीचंदची कला चालली नाही. दोन वर्षं आम्हा अ‍ॅक्युपंक्चरवाल्या पाच जणांतून तो एकटाच यायचा. हिंगोलीहून निघायचा, पाचांच्या सह्या ठोकायचा आणि प्रमाणपत्रं, टिपणांची पाकिटं घरपोच करायचा. "शिवहार, तुझी सही तुझ्यापेक्षा मीच झकास करतो," म्हणतो. खरं आहे.

दिवसभर नाडी आणि जीभ. पंधरा वर्षं सुया टोचून राहिलो, मला काय नवं सांगणार? दुपारी डुलकी लागली.

८ फेब्रुवारी, रविवार

लिहू की नको.

सकाळी शिकवणाऱ्या बाईंनी पडद्यावर खांद्याचा बिंदू दाखवला. मान आणि खांद्याचं टोक यांच्या मधोमध असतो तो. रोज चार-पाच जणांना मी तिथं टोचतो. बाई म्हणाल्या, इथं सरळ आणि खोल सुई घालायची नाही, खाली फुप्फुसाचा शेंडा असतो. माणूस हडकुळा असेल, बिडी ओढणारा असेल तर जास्तच धोका. आधी ठसका, मग एका बाजूला कळ, मग दम. थांबायचं नाही, तडक मोठ्या दवाखान्यात न्यायचं.

धनसिंग.

नोव्हेंबर २००२. हळदीच्या मार्केटात हमाल होता. पोती वाहून वाहून खांदा धरलेला. अंगावर मांस म्हणून नव्हतं. दीड इंची सुई मी सरळ घातली. त्याला ठसका लागला. "डाक्टर, बरगडीत कायतरी लागलं," म्हणाला. मी म्हणालो, वात आहे, मोकळा होतोय, घरी जाऊन पड. संध्याकाळी दम लागला, जीपनं नांदेडला नेलं, पहाटे गेला. त्याचा भाऊ सांगत आला — हार्ट बंद पडलं. मी तेच धरून बसलो. बरं वाटलं होतं तेव्हा. इथं खोटं काहून लिहू?

बाहेर येऊन नळाखाली डोकं धरलं. गोपीचंद मागोमाग आला. "काय झालं रे? हे तर बाईंनी दोन सालाआधीबी सांगितलं होतं. पाकिटात हाय सगळं."

९ फेब्रुवारी, सोमवार. वसमत

पहिल्या गाडीनं परत. कपाट उघडलं. २००२ चं पाकीट तसंच, डिंकसुद्धा निघालेला नाही. प्रमाणपत्र वेगळं आलं होतं, ते तेवढं काच लावून भिंतीवर टांगलं. पाकीट आज फोडलं. तिसऱ्याच पानावर खांद्याचं चित्र आहे, भोवती लाल चौकट. फेब्रुवारीत आलेला कागद. धनसिंग नोव्हेंबरात गेला. मधे नऊ महिने.

आणि आज सोमवार! कमलबाई आली. धनसिंगची बायको. तो गेल्यापासून दर सोमवारी तांड्यावरून येते. सुई लावू देत नाही. गुडघे दाबून घेते, बाकावर बसून राहते आणि उठताना एकच विचारते, "डाक्टर, माणूस असा कसा गेला?" मी दर वेळी सांगतो, हृदय. कुणाच्या हातात नव्हतं. ती मान हलवते, जाते. मला वाटायचं, दुःखानं बिचारी तेच तेच विचारते.

आजही विचारलं. टेबलावरचे कापसाचे बोळे गोळा करत मी म्हणालो, हृदय.

१२ फेब्रुवारी

खांद्याचे तीन पेशंट परत पाठवले.

१६ फेब्रुवारी, सोमवार

कमलबाई आली नाही. सव्वा वर्षात पहिल्यांदा. सुटलो असं वाटलं, आणि स्वतःचीच किळस आली.

१९ फेब्रुवारी

गोपीचंदला फोन केला. म्हणालो, तिला जाऊन सांगतो. तो उखडला. "येडा झाला का? कोर्टकचेरी झाली तर सह्यांचं निघंल. तू एकटा न्हाई बुडायचा, आमी पाची जण जाऊ. माझ्या लेकरांनी काय खावं?" त्याचंही बराबर आहे. माझ्यासाठीच सही करत होता तो.

२३ फेब्रुवारी, सोमवार

आजही नाही. दिवसभर दाराकडं बघत होतो.

२४ फेब्रुवारी

तांड्यावर गेलो. कमलबाई अंगणात शिजवलेली हळद पसरत होती. कोपरापर्यंत हात पिवळे. बसा म्हणाली. मी उभ्यानंच सांगितलं. माझ्या सुईनं गेला. हृदय नव्हतं.

ती हळद पसरतच राहिली. मग म्हणाली, "मला म्हाईत हाय. नांदेडच्या डाक्टरनं त्याच पहाटी छातीचा फोटो दाखवला. सुईनं छेद पडला म्हणे. मीच घरात सांगितलं हार्ट म्हणून. दिराला कळलं असतं, तर तुमाला जितं सोडलं नसतं."

मग दर सोमवारी विचारत काहून होत्या, एवढंच विचारलं.

"तुमाला ठाऊक हाय का न्हाई, ते बघत होते. तुमी माझ्या तोंडाकडं बघून सांगायचे, हृदय. मला वाटायचं, ह्या माणसाला खरंच ठाऊक न्हाई. न कळता झालं. मंग राग कुणावर धरू?" खाली वाकून तिनं एक हळकुंड उचललं, मोडून बघितलं, परत टाकलं. "मागच्या खेपंला तुमी टेबलाकडं बघून सांगितलं. तवाच समजले. म्हणून आले न्हाई."

मी हात जोडले. तिनं बघितलंसुद्धा नाही.

"न कळता झालं ते माफ केलं मी. त्या एका सोमवारचं न्हाई."

२५ फेब्रुवारी

न कळता झालं, म्हणाली.

पाकिटाचं मी तिला सांगितलं नाही.