सहा रेषांचा बोल्ट

मी, अर्वो निस्काला, वय एकोणऐंशी, राहणार कॅल्युमेट, मिशिगन, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरात बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. ते नाही असे म्हणणाऱ्यांची नावे पुढे येतीलच. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणणारा गृहस्थ सध्या खाली तळघरात माझ्या घर तापवणाऱ्या भट्टीजवळ काहीतरी खुडबुड करतो आहे. यापूर्वी मी लिहिलेली सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

कलम एक. राहते घर, मागचा सौना म्हणजे घाम काढायची तापती खोली, आणि जमीन माझी एकुलती एक मुलगी सिल्विया हिला मिळावी. तिचा नवरा ड्वाइट हॅम्लिन याचा त्यावर काडीचाही हक्क नसावा. कारण देतो. माझी बायको आयली गेली, तेव्हा याच टेबलावर आयलीच्या हातचा शेवटचा वेलचीपाव खात खात त्याने मला अट घातली. म्हणाला, "बाबा, दारातला बर्फ तुम्ही स्वतः काढताय, तोवर खुशाल इथं राहा. ज्या हिवाळ्यात ते जमणार नाही, त्या हिवाळ्यात मुकाट्यानं आमच्याबरोबर ॲरिझोनाला यायचं." मी हो म्हटले. आमच्याकडे शब्द दिला की दिला. पण ज्या माणसाला बर्फाचा एवढा जिव्हाळा, त्याच्या मनात घराच्या किमतीचा विचार नसेलच, हे मला कोणी पटवून द्यावे.

कलम दोन. स्नोब्लोअर, म्हणजे अंगणातला बर्फ उडवणारे मशीन. या वस्तूबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे.

जानेवारीतल्या मोठ्या वादळानंतर मी मशीन सुरू केले. इंजिन चालू, आतला पंखा चालू, पण पुढची मळसूत्री पाती ढिम्म. म्हणजे गिअरबॉक्स गेला. तो असा जात नसतो. पात्यांच्या दांड्यावर दोन पिना असतात, मुद्दाम कच्च्या केलेल्या. दगड अडकला, बर्फात गोठलेले वर्तमानपत्र अडकले, की पिन तुटते आणि गिअरबॉक्स वाचतो. माझ्या पात्यांत वर्तमानपत्रच अडकले होते. पण पिना तुटल्या नव्हत्या, कारण पिना नव्हत्याच. त्यांच्या जागी दोन कडक पोलादी बोल्ट होते. डोक्यावर सहा रेषा, म्हणजे सगळ्यात पक्क्या जातीचे. असा बोल्ट ट्रकला लावतात.

ते मी लावलेले नाहीत. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला सिल्विया आणि ड्वाइट आले होते, तेव्हा माझ्या गॅरेजमध्ये ड्वाइट एकटा बराच वेळ होता. पाणी कुठे मुरते आहे, हे सांगायला वकील लागत नाही.

दुसऱ्या दिवशी मी उठायच्या आत माझे अंगण साफ! शेजारच्या क्लेमेंट बोशांचे काम. मी त्याला विचारले, "क्लेम, तुला कुणी सांगितलं होतं?"

"अरे, मी माझंच काढत होतो. मशीन वळवायला जागा नव्हती, म्हणून तुझ्याकडून वळवलं."

"वळवायला अख्खं अंगण लागतं होय?"

"जुनं मशीन आहे रे, माझ्यासारखं. हळूहळू वळतं."

क्लेमचा माझ्या सौनावर पहिल्यापासून डोळा आहे. शिवाय शेजाऱ्याने बर्फ काढला हे ड्वाइटला कळले असते, तर माझे सामान त्याच आठवड्यात बांधले गेले असते. सबब मी गिअरबॉक्स उघडला. आतल्या पितळी चक्राचे दात पार झिजून भुगा झाले होते. पाती दांड्याला गंजून चिकटलेली, हातोड्याला दाद देईनात. शेवटी शनिवारी सौना तापवला, तेल पाजलेला सगळा सांगाडा वरच्या बाकावर ठेवला आणि मी खालच्या बाकावर बसलो. दोघांना चांगला घाम फुटल्यावर पाती सुटली. नवे चक्र, नवी सीले, नवे तेल घातले. मशीन चालते.

कलम तीन. हत्यारे सिल्वियाला. क्लेमला काही नाही. माझा पाइप पाना त्याच्याकडे आधीच आहे.

कलम चार. ड्वाइट हॅम्लिन याला ते दोन बोल्ट द्यावेत. त्याचा ऐवज त्याला परत.

इथे लिहिणे थांबले. नवऱ्याबरोबर ॲरिझोनाहून आलेली सिल्विया कॉफी घेऊन आली आणि मागे उभी राहून तिने वाचले.

"बाबा, ते बोल्ट मी लावले."

"नवऱ्याला पाठीशी घालू नकोस."

"मीच लावले! गेल्या वर्षी तुम्ही बर्फात गुडघ्यांवर बसून उघड्या हातांनी पिन बदलत होतात. बोटं पांढरीफटक. उठता येत नव्हतं तुम्हाला, मी खिडकीतून बघत होते. मग दुकानात जाऊन सगळ्यात पक्का बोल्ट मागितला. म्हटलं, तुटलाच नाही तर वाकायला नको. मशीन चाललं, तर तुम्हाला इथून कुणी हलवणार नाही."

तिच्या लहानपणी आमच्याकडे नुसते फावडे होते. पिन तुटण्यासाठीच असते, हे मी तिला कधी सांगितले नव्हते. ती रडू लागली. माझेही डोळे भरले, हे लिहून ठेवतो.

तरी मी विचारले, "मग तो तळघरात काय करतोय?"

"भट्टीचा फिल्टर बदलतोय. तुम्हाला अजून कितीतरी हिवाळे इथं काढायचेत, म्हणाला."

मी खाली जाऊन पाहिले. फिल्टर नवा होता. उलटा बसवला होता.

कलम चार रद्द. खोडलेले तसेच दिसू द्यावे. त्याऐवजी: स्नोब्लोअर आणि पिनांचा डबा सिल्वियाला. पिन कशी बदलायची हे तिला आज संध्याकाळी दाखवले. ती बर्फात गुडघ्यांवर बसली, मी दिवा धरून उभा राहिलो. आयलीनंतर माझ्यासाठी कोणी असे केलेले मी पाहिले नव्हते.

ज्याला काही मिळत नाही अशानेच साक्षीदार व्हावे, असे मी ऐकून आहे. तसे दोनच इसम सापडले.

अर्वो निस्काला (सही)
कॅल्युमेट, १९ फेब्रुवारी २०१९

साक्षीदार: क्लेमेंट बोशां (सही). वाचले. पाना उद्या आणून देतो.

साक्षीदार: ड्वाइट हॅम्लिन (सही). बर्फाची अट मी मागे घेतो. बाबांनी इथेच राहावे.

वरील दोन्ही वाक्ये मी त्याच्याकडून शाईने लिहून घेतली आहेत. अ. नि.