रजेच्या अर्जातलं नातं

ति. अक्का,
धाकट्याचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

आपल्या नातीची काळजी नको. विद्यापीठाच्या नर्सिंग वसतिगृहात ती छान रुळली आहे. परवा वॉर्डात एका म्हातारीची वेणी घालून दिली, तर सिस्टरबाई म्हणाल्या, "हे कोणी शिकवलं गं?"

"माझ्या आईनं," म्हणाली. आई म्हणजे तूच. जन्मदाती गेल्यापासून तिला दुसरी कुठली ठाऊक?

आता वाईट बातमी. तुझ्या ऑपरेशनआधी तिला पाठवीन म्हणालो होतो, ते जमत नाही. वॉर्डातले तास बुडाले तर वर्ष जातं. रजा मिळते ती फक्त आई-वडील नाहीतर भावंडांसाठी. पालक म्हणून अर्ज मीच लिहिला. 'रुग्णाशी नाते' या रकान्यात तुझा हा मास्तर भाऊ वळणदार अक्षरात लिहून बसला, 'आजोबांची बहीण'.

कारकून हळहळला. "अहो आजोबा, आई लिहायचं ना! आता नकाराचा शिक्का पडला, दुसरा अर्ज घेत नाहीत."

पोरगी रागावली नाही. नुसतं म्हणाली, "आजोबा, 'आई' लिहिणं खोटं कुठे होतं?"

लहानपणी शाळेची कविता म्हणताना मी शेवटच्या ओळीला अडायचो आणि तू दाराआडून ती सांगायचीस. आज पुन्हा अडलोय.

जेवतेस ना? तिचे तास वीस दिवसांत संपतात. ऑपरेशन तेवढं पुढे ढकलता येईल का, डॉक्टरांना विचार. नाहीच जमलं, तर पोरगी येईपर्यंत तू तेवढी थांब.

तुझा,
बाळ्या