तुळसीची ‘आई’

२६ जून १९११, कुंभकोणम

पंकजाने पोरीसाठी मला, स्वतःच्या नवऱ्याला, कोर्टात ओढलंच! उद्या जज्जसाहेब तुळसीलाच विचारणार – कुणाकडे राहायचं? सात वर्षांचं पोर! वकील नटराज म्हणाले, “पढवून ठेवा.” नाही पढवणार. शाळेत पढवतो तेवढं पुरे. पण ती गेली तर या घरात मी करू काय?

२७ जून

जिंकलो.

दुभाष्याने विचारलं. तुळसी चटकन म्हणाली, “आईकडे.” पंकजाने पदर डोळ्यांना लावला. साहेबांनी टाक उचलला – आणि मी उभा राहिलो! कुणी शब्दाचा चुकीचा अर्थ लावला की मला बसवतच नाही. याच खोडीला विटून पंकजा दोन वर्षांपूर्वी तिरुविडैमरुदूरला माहेरी गेली. म्हणालो, “हुजूर, ही आई म्हणजे माझी आई; माझं ऐकून पोर तिलाच आई म्हणते. माझा भाऊ सेतू पंकजाला वहिनी म्हणतो, ते ऐकून पोरही तिला वहिनीच म्हणते.”

साहेबांनी पंकजाकडे बोट दाखवलं. ही कोण?

“वहिनी,” तुळसी म्हणाली.

ताबा माझ्याकडेच राहिला. एक अक्षर खोटं बोललो नाही. जाताना पंकजा एवढंच म्हणाली, “तुमच्या घरी मज ते नावही मिळालं नाही.”

२८ जून

आईला सगळं सांगितलं. वाटलं, खूश होईल. ती तांदूळ निवडत राहिली. “तू कशाला बोललास?” एवढंच.

खरंच, कशाला? तुळसी बोलायला लागल्यापासून ती हाक ऐकतो आहे. काना-मात्रेसाठी पोरांना छड्या मारणारा मी – घरातली एवढी मोठी चूक कधी सुधारावीशी वाटली नाही. कोर्टात मात्र जीभ वळवळली. फार वाईट वाटतं.

३० जून

जेवण जात नाही. तुळसी मजेत आहे, तेही बघवत नाही.

१ जुलै

सकाळी तुळसीने हाक मारली, “आई!” आईने ओ दिली नाही. पुन्हा मारली. तरी नाही. पोर रडकुंडीला आली, तेव्हा आई म्हणाली, “मज आजी म्हण. तुझी आई तिरुविडैमरुदूरला आहे.”

मग तिची वेणी घालता घालता मला विचारलं, “तिकडची गाडी कधी आहे?”