बोट पुसायचा फडका

३ जानेवारी, पहाट
आजपासून लेकीचं कोचिंग सायंटिफिक. लॅक्टेटचं मशीन आलं. लॅक्टेट म्हणजे जोरात पळाल्यावर रक्तात साठतं ते. पळता पळता मधेच थांबवायचं, बोटाला टोचायचं, थेंब पट्टीवर, आकडा समोर. आकडा चारच्या वर गेला की समजायचं, हिची हद्द झाली. हद्दीच्या आत पळवत राहिलं की हद्दच वर सरकते. मार्चमध्ये दहा हजार मीटरची निवड चाचणी. बायको म्हणाली, पोरीला टोचण्यापेक्षा स्वतः जरा चाला. दुर्लक्ष केलं.

५ जानेवारी
पहिली टेस्ट. हलकं पळूनही आकडा सहा! म्हणजे आजवर पोरगी नुसती ऊर फुटेस्तोवर पळत होती. सगळी त्या शिट्टीवाल्याची कृपा. स्टेडियमवरचा कोच तो. गळ्यात शिट्टी, तोंडात आरडाओरडा. त्याच्याकडून डिसेंबरमध्येच काढून घेतली ते बरं झालं.
वेग कमी करायला सांगितला. ती म्हणाली, बाबा, आधी बोट पुसा ना, घाम आहे. म्हटलं, नखरे नकोत. इतकी वर्षं पाणीपुरवठ्यात मीटर रीडर आहे. मीटर खोटं बोलत नाही, माणसं बोलतात.

१९ जानेवारी
आकडा खाली यायचं नाव नाही. वेग आणखी कमी. मी सायकलवर, ती शेजारी. आज इतक्या हळू चालवली की तोल जाऊन पडलो. गुडघा सोलला. तिनेच उठवलं. तिला दम म्हणून लागलेला नव्हता. पद्धत लागू पडतेय.

२ फेब्रुवारी
फिरायला आलेल्या एका आजींनी आम्हाला मागे टाकलं आणि वर हात केला. लेकीनेही हसून हात केला. मी नाही केला.
लेक संध्याकाळी मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते. येते ती भुकेने वखवखलेली. बायको म्हणाली, पुस्तकं इथेच असतात, पळायचे बूट तेवढे नेते. म्हटलं, पायांची काळजी घेते, गुणी आहे.

२० फेब्रुवारी
थकलो. पहाटे उठायचं, मग दिवसभर लोकांच्या जिन्याखाली वाकून मीटर वाचायचे. आज एक बाई भांडली. म्हणे महिनाभर घराला कुलूप होतं, मग मीटर पळालं कसं? तिला माझं नेहमीचं उत्तर दिलं.
खरं सांगायचं तर सकाळचा तो तासच काय तो बरा जातो. हळू पळताना लेक बोलते. मोठी झाल्यापासून माझ्याशी एवढं कधी बोलली नव्हती. लॅक्टेटशी याचा संबंध नाही, तरी लिहून ठेवतो.

९ मार्च
उद्या चाचणी. आकडा अजून पाचच्या वरच. हरली तर पट्ट्यांची बॅच खराब होती, हे बायकोला आधीच सांगून ठेवलं.

१० मार्च, दुपार
पहिली आली! मी मशीन घेऊन खाली उतरेपर्यंत ती शिट्टीवाल्याकडे पोचली होती. मग माझ्याकडे आली. मान खाली घालून म्हणाली, संध्याकाळी मैत्रीण नव्हती, हे सर होते. जानेवारीपासून.
मग सकाळी माझ्याबरोबर कशाला, असं विचारलं. म्हणाली, आदल्या दिवशी जोरात पळालं की दुसऱ्या दिवशी अगदी हळू पळायचं असतं. रिकव्हरी म्हणतात. तुमच्याइतकं हळू कोणीच पळवत नाही, बाबा. शिट्टीवाल्यानेही मान डोलावली. मनापासून, हे जास्त लागलं.
ती फोटोला गेली. मी बाकावर. उन्हात हाताला घाम सुटलेला. सहज स्वतःला टोचलं. सहा! नुसता बसलो होतो. बोट शर्टाला पुसून पुन्हा टोचलं. एक पॉइंट दोन.
त्या कुलूपवाल्या बाईंकडे परत जायला हवं.

१२ मार्च
बायकोकडे फडका मागितला. कशाला, हेसुद्धा विचारलं नाही. जुना बनियन कापून ठेवलेलाच होता. लेकीने जानेवारीतच मागून ठेवला होता म्हणे.
लेक बूट घालून दारात उभी. म्हणाली, आज आणखी हळू, पाय दुखतायत. सायकल घरीच ठेवली. एवढ्या हळू तर मीही पळेन.
कोपऱ्यापर्यंत पळालो. तिथेच बसलो. तिने माझं बोट फडक्याने नीट पुसलं आणि टोचलं. आकडा मात्र सांगितला नाही.